शमीमबींच्या जागेचा उसना कोपरा

खरेदीखत नेमके घडीवर फाटले होते आणि रुंदीचा आकडा त्या घडीत गेला होता. परंड्याच्या कचेरीसमोरील माझ्या टेबलावर शमीमबींनी ते जपून पसरले. त्यांच्या सासऱ्यांनी गावात घेतलेली ती मोकळी जागा. घरकुलाच्या यादीत शमीमबींचे नाव लागले होते. परंतु जागेची लांबी-रुंदी नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-जागांच्या नोंदवहीत, चढल्याशिवाय मंजुरी मिळणार नव्हती. मुदत महिनाअखेरची होती.

जागेला कुंपण नव्हते. एका अंगाला शेजारी मारुतीआण्णांचा गोठा. "निसता आकडा सांगा भाभी, सही करतो," असे त्यांनी आधीच कबूल केले होते. अडचण त्या आकड्याचीच होती. खतात दोन गोष्टी तेवढ्या वाचता येत होत्या: क्षेत्र ९८९ चौरस फूट, आणि लांबी रुंदीपेक्षा वीस फूट जास्त.

मी अर्जलेखक आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यात साहेब लोकांना सहसा चूक सापडत नाही. पक्षकार मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी दुरुस्ती सुचवीत नाही. मी खत दोनदा वाचून म्हणालो, "यातून रुंदी निघत नसते. सरकारी मोजणीच मागवावी लागेल."

"निघती की काका," रुबिना म्हणाली. ही शमीमबींची मुलगी, बार्शीला बी.एस्सी. करणारी. तिने माझाच कोरा कागद ओढून घेतला.

तिने जे केले ते मी आज सांगू शकतो, कारण नंतर मी ते तिच्या कागदावरून अनेकदा गिरवले. रुंदी 'क्ष' धरली, म्हणजे लांबी 'क्ष अधिक वीस'. दोहोंचा गुणाकार ९८९. आकृतीत हा एक चौरस झाला आणि त्याला लागून वीस फुटांचा एक पट्टा. त्या पट्ट्याचे तिने दहा-दहा फुटांचे दोन भाग केले. एक जागेवर ठेवला, दुसरा काढून शेजारच्या बाजूला लावला. आता आकृती मोठ्या चौरसासारखी दिसू लागली, फक्त एक कोपरा रिकामा राहिला. दहा बाय दहाचा.

"हा कोपरा आपला न्हाय, काका. पण चौरस पुरा व्हावा म्हणून भरायचा. शंभर इकडं मिळवले, तर शंभर तिकडं बी मिळवायचे." तिने लिहिले: ९८९ अधिक १००, बरोबर १०८९.

तो आकडा पाहताच मी उसळलो. आमच्या व्यवसायात एक आकडा झोपेतही चुकत नाही. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, क्षेत्र १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा.

"अहो, हा तर पुरा गुंठा!" मी म्हणालो. "तेहतीस बाय तेहतीस. संपले गणित."

"काका, थांबा की. तेहतीस म्हंजे रुंदी अधिक दहा. अजून दहा..."

"बाळ, गणित तुझे, अर्ज माझा. कचेरीला गुंठा कळतो."

खतातला ९८९ हा कोण्या जुन्या माणसाच्या हातमोजणीचा अंदाज असावा, आणि वीस फुटांचा फरक हा लिहिणाऱ्याचा दोष असावा, असे मी परस्पर ठरवून टाकले. रुबिना आईकडे वळली. "अम्मी, दस काटने बाकी हैं."

"रुबी, चुप बैठ. वकीलसाब को नहीं समजता क्या?"

मी अर्ज लिहिला. शेवटी नेहमीची ओळ घातली: 'वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' खाली शमीमबींनी सही केली.

नोटीस मारुतीआण्णांना पोचली. रस्त्याच्या कडेने तेहतीस फूट रुंदी धरली की दहा फूट त्यांच्या गोठ्यात शिरत होते. त्यांनी लेखी हरकत घेतली. चौकशीच्या दिवशी ते ग्रामसेवकांसमोर उभे राहून म्हणाले, "भाभी, माझी म्हैस आता तुमच्या सैपाकघरात बांधू का? सही मागितली असती तर दिली नसती व्हय? गोठाच मागितला की वो तुमी!"

रुबिनाने जपून ठेवलेला कागद पुढे केला. "तेहतीसातून दहा वजा, रुंदी तेवीस. त्यात वीस मिळवले, लांबी त्रेचाळीस. गुणाकार करून बघा, साहेब."

ग्रामसेवकांनी मोबाईलवर गुणाकार केला. ९८९ आले. ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे. मग आईने तेहतीसवर सही का केली? 'माझ्या सांगण्याप्रमाणे' असे लिहिले आहे ना इथे?"

रुबिनाने माझ्याकडे पाहिले. मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. एवढेच म्हणायचे होते की साहेब, तेहतीस माझे आहेत. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "पक्षकाराने जसे सांगितले तसे आम्ही लिहितो."

आण्णा म्हणाले, "कालचा कागद खोटा, मग आजचा खरा कशावरून? मोजणी आणा. त्याबिगर माझी सही न्हाय."

मोजणीदार आला तेव्हा मुदत टळून गेली होती. त्याची साखळी तेवीस आणि त्रेचाळीसवरच थांबली. नोंद झाली, आण्णांनी सहीही केली. परंतु घरकुल यादीतल्या पुढच्या नावाला गेले होते. शमीमबी आजही भाड्याच्या खोलीत राहतात. आण्णांच्या गोठ्यातून त्यांच्याकडे येणारे सकाळचे दूध बंद झाले, ते बंदच आहे. रुबिना मला बाजारात भेटते. सलाम करते, काका म्हणते. त्या दिवसाविषयी तिने कधी एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही.

गणित सोडविण्यासाठी कोपरा उसना घ्यावा लागतो, हे मला पटले आहे. उत्तर लिहिण्यापूर्वी तो परत करावयाचा असतो. एवढे समजण्यास बी.एस्सी. लागत नाही, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे लागते.