सालीतलं जेवण

मला किळस फार लवकर येते. कुणी फुरके मारत चहा प्यायला लागलं की मी खोली सोडते. त्यामुळे मामीशी माझं कधी पटलं नाही. ही बाई लोकांच्या उष्ट्या ताटांत बघायची. बघायची म्हणजे चुकून नजर गेली असं नव्हे, चांगली वाकून, मान तिरकी करून बघायची. कुणाकडेही जेवायला गेलो की सगळे हात धुवायला उठायचे आणि हिची तपासणी सुरू व्हायची. धाकट्याचं पोट दुखतंय, थोरल्या सुनेचं घरात बिनसलंय, असलं काहीतरी ती ताटावरून सांगायची आणि वैताग असा की ते खरं निघायचं. आम्ही मुलं तिला पाठीमागे उष्टीमामी म्हणायचो. तोंडावर म्हणायची टाप नव्हती, हात जड होता तिचा.

एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिने बावीस वर्षं भांडी घासली. भिंतीला एक खिडकी होती, तिच्यातून ताटं आत सरकायची. माणसांचे चेहरे दिसत नसत, नुसती मनगटं दिसायची. खरकटं पिंपात लोटायचं आणि ताट गरम पाण्यात बुडवायचं, दिवसाला सहाशे वेळा. तिथेच तिला ही खोड लागली. तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पडलेल्या, नखांभोवतीची कातडी पांढरी, आणि हाताला साबणाचा आंबूस वास. त्या हातचं जेवताना मी लहानपणी श्वास रोखून घास गिळायची. मोठी झाले तरी फरक एवढाच पडला की कुणाला कळू द्यायची नाही.

आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ही मामी पिशवी घेऊन आमच्या घरी येऊन राहिली. स्वयंपाकाचं मी बघते, म्हणाली. मी कपाळावर हात मारला, पण दुसरं होतं कोण? बाकीचे नातेवाईक आपुलकी दाखवण्यात पटाईत होते. तेलाचा बोटभर थर आलेले रस्से घेऊन यायचे, ‘याच ऑपरेशनात आमच्या शेजारचे गेले’ ही बातमी पेशंटच्या उशाशी बसून सांगायचे, आणि पेशंटसाठी आणलेली द्राक्षं स्वतःच संपवून उठायचे. बिया खिडकीच्या चौकटीत ठेवायचे. त्या बिया मी कागदाने उचलायची.

आईच्या पोटाला बाहेरून एक पिशवी लावली होती. आतडं बरं होईपर्यंत सगळं त्या पिशवीत जमा होणार होतं, नंतर दुसरं ऑपरेशन करून ते पूर्ववत करायचं होतं. पहिल्या दिवशी सिस्टर पिशवी रिकामी करायला आली तेव्हा आई लाजेने रडली. दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं, हे फक्त हेच करतील, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ‘हे’ म्हणजे माझे बाबा. चाळीस वर्षांत ज्यांनी स्वतःची चहाची कपबशी उचलली नव्हती, ते सिस्टरकडून शिकले. दिवसातून चार-पाच वेळा पिशवी उघडायची, भांड्यात ओतायची, कड पुसायची, पुन्हा बंद करायची.

मी एकदा मदतीला उभी राहिले. वास आला आणि मी बेसिन गाठलं. माझी सख्खी आई, आणि मला ओकारी आली. त्यानंतर बाबा पडदा ओढायला लागले की मला बाहेर काहीतरी काम निघायचं. स्वतःचीही किळस येते माणसाला, ती सगळ्यात वाईट.

बाबांना शुगर होती. गोळी घेऊन जेवले नाहीत तर घाम फुटून खाली बसायचे. आईला ते ठाऊक होतं, म्हणून तिने अट घातली होती. ते जेवल्याशिवाय ती चमचा तोंडाला लावणार नव्हती. ऑपरेशननंतर तिचं वजन इतकं उतरलं होतं की डॉक्टर रोज फक्त एकच विचारायचे, आज किती खाल्लं? म्हणजे सगळा डोलारा बाबांच्या डब्यावर उभा होता. मी दुपारी डबा पोचवून कामावर जायची, संध्याकाळी रिकामा घेऊन यायची. भात, कमी तिखटाची भाजी, भोपळ्याचं सूप. बाबा डबा घेऊन वॉर्डाबाहेर जेवायला जायचे. डबा रोज धुतलेला, लख्ख. मी खूश होते.

सहाव्या दिवशी मी डबा ओट्यावर ठेवला. मामीने उघडला, उजेडाकडे धरला, आणि कडेच्या दुमडीखालून नख फिरवलं. नखात भाताची वाळलेली दोन शितं आली. तिने ती हुंगूनही पाहिली. मला शिसारी आली. आता आमच्याच घरात हे सुरू झालं का, असं मी फाडकन बोलले.

“दाजी जेवत नाहीत,” ती म्हणाली. “जेवलेल्या डब्याचा तळ घाण होतो. हा एकाच कडेने घाण झालाय. ओतलाय हा.”

मी वाद घातला. डबा धुतलेला होता, त्यावरून काय कळणार? आतून धुतला, दुमडीखाली त्यांचं लक्ष गेलं नाही, पुरुषांचं जात नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. कालही तसंच होतं, परवाही. आज खात्री झाली म्हणून बोलले, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. डबा बाबांच्या हातात देऊन आम्ही गेल्यासारखं केलं आणि वॉर्डाच्या मागच्या जिन्याशी थांबलो. तिथे कचऱ्याचं मोठं पिंप होतं. कापूस, हातमोजे, कुणाचं तरी अर्धं खाल्लेलं सँडविच, वर माशांचा थवा. पाच मिनिटांत बाबा आले. त्यांनी डबा उघडला, तोंड फिरवलं आणि न बघता उलटा केला. आम्ही दिसल्यावर त्यांनी झाकण लावायचा प्रयत्न केला, पण ते बसेना आणि कपाळावर घाम होता. मामीने त्यांना पायरीवर बसवलं, पर्समधली साखरेची पुडी त्यांच्या तोंडात रिकामी केली.

ते खाली बघत म्हणाले, “हात कितीही धुतले तरी वास जात नाही, वहिनी. पिवळं काही दिसलं, ओलं काही दिसलं, की घशाशी येतं. चाळीस वर्षं तिच्या ताटातलं खाल्लं मी. आणि आता तिचीच किळस येते मला. हे तिला कसं सांगू?”

मला वाटलं, आता मामी काहीतरी गोड बोलेल. बायको आहे ती तुमची, असलं काही. तसलं ऐकलं असतं तर मी तिथेच पिंपात ओकले असते.

“येणारच किळस,” मामी म्हणाली. “घाणीची किळस येते, माणसाची नाही. मी बावीस वर्षं खरकटं उपसलं. पहिली दोन वर्षं माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ह्यांनी मला काय खायला घातलं, विचारा.”

तेव्हा मला कळलं, मामाने दोन वर्षं तिला उकडलेली अंडी खायला घातली होती. कवच न काढता हातात द्यायचा. आत कुणाचा हात लागलेला नाही, हे तिला डोळ्यांनी दिसावं म्हणून.

त्या दिवसापासून डबा बदलला. सालीसकट उकडलेले लहान बटाटे, न सोललेली अंडी, केळी, कोपऱ्यात कागदाच्या पुडीत मीठ. ओलं काही नाही, हळदीचं काही नाही, भाजी नाही, चमचाही नाही. काहीही रांधायला नको, असा स्वयंपाक. मामी बटाटे उकडायची आणि चिमट्याने डब्यात ठेवायची, स्वतःचा भेगाळलेला हात लागू द्यायची नाही. तिला सगळं ठाऊक होतं म्हणजे. लहानपणी मी श्वास रोखून घास गिळायची, तेसुद्धा तिला माझ्या ताटावरून कळलं असणार. मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी एक केळं गेलं. दुसऱ्या दिवशी केळं आणि अर्धा बटाटा. बाबा खिडकीपाशी उभे राहून सोलायचे आणि सालं डब्यातच ठेवायचे. संध्याकाळी घरी आलेला डबा बघवत नसे. काळी पडलेली केळ्याची सालं, बटाट्याची ओली सालपटं, अंड्याची टरफलं, बाजूला काढलेले पिवळे बलक, सगळ्याचा मिळून एक कोंदट वास. मामी तो उघडून ओट्यावर पसरायची आणि हौसेने बघायची. मी नाक धरून शेजारी उभी राहायला लागले.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी आईला अंडं द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मामी आणि मी दोघी तिथेच होतो. बाबांनी नुकतीच पिशवी रिकामी करून हात धुतले होते, तरी ते नॅपकिनला पुसतच होते. आई म्हणाली, “अहो, सोलून द्या ना. माझ्या बोटांत जोर नाही.”

बाबांनी अंडं फोडलं, सोललं, तिच्या तोंडाशी धरलं. तिने त्यांच्या बोटांतूनच चावा घेतला, डोळे मिटून घास चावला. मग उरलेलं अर्धं त्यांच्या हातातून घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यावर तिच्या दातांच्या खुणा होत्या आणि पिवळा बलक ओलसर लागला होता.

“तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “तुम्ही आधी जेवायचं ठरलंय ना.”

बाबा त्या अर्ध्या अंड्याकडे बघत राहिले. मी श्वास रोखला. मामीने मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं. जन्मात पहिल्यांदा तिने कुणाच्या खाण्याकडे पाहिलं नाही. बाबांनी अंडं तोंडात घातलं. चावायला वेळ लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळलं. आईने दुसरं अंडं सोलायला सांगितलं.

डबा घरी मीच धुतला, नुसत्या हाताने, कडेच्या दुमडीखालून नख फिरवून.