अंजनाबाईंभोवतीचा लाल गोल

टीव्हीवर दिसायचं म्हणून अंजनाबाईंनी दीक्षाभूमीला नेसायची पांढरी साडी काढली होती. मिनलताईंकडे त्या वर्षानुवर्षं पोळ्या करत. मिनलताईंचा हार हरवला आणि दुसऱ्याच दिवशी ‘दणका न्यूज’चा गौरांग कॅमेरा घेऊन वस्तीत आला. ते चॅनल तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

“मावशी, पोळ्या करणाऱ्या बायांवर कार्यक्रम आहे. थोडं हसा न.”

त्या हसल्या. संध्याकाळी शेजारणींना बोलावून चिवडा केला. पडद्यावर तेच हसू आलं, भोवती लाल गोल, खाली अक्षरं: ‘हार पचवून हसणारी ही बाई कोण?’  मग शेजारची गोपिका चिवडा चावत म्हणाली, “साडी मस्त दिसून राहिली वं.”

त्या गोलावर चॅनल चाललं. रोज नवा चेहरा, रोज नवा गोल. शहराबाहेर वाडीला काचेचा स्टुडिओ झाला, चौकाचौकांत गौरांगचे फलक लागले.

हार मिनलताईंच्याच माहेरी न्यायच्या बॅगेत सापडला. “आम्हाला ठाऊकच होतं हो,” त्या दारातूनच म्हणाल्या. “पण सोसायटीवाले ऐकत नाहीत. टीव्हीवर एकदा हार सापडल्याचं येऊ द्या, मग या कामाला.”

दुसऱ्या घरांनीही हेच सांगितलं. अंजनाबाई स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. “भाऊ, हार सापडला, एवढंच सांग न.”

“उद्या लावतो,” गौरांग म्हणायचा. एकदा कंटाळून खरं बोलला, “मावशी, सापडलेला हार कोण पाहते?”

पुढे लोक आपापल्या फोनवरच कुणाच्याही चेहऱ्याभोवती गोल काढू लागले. चॅनलच्या जाहिराती आटल्या, मालक प्लॉटच्या धंद्यात गेला, गौरांग विमानतळाजवळ मिहानकडे फ्लॅट विकू लागला. अंजनाबाईंना यातलं काही कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्या घरी टीव्ही लागलाच नव्हता.

परवा त्या पुन्हा वाडीला गेल्या. काचेच्या आत पोत्यांची थप्पी होती.

“चॅनल? इथं तर ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे,” हमाल म्हणाले. लहानू नावाचा एकजण मात्र पोतं खाली ठेवून निरखून पाहत राहिला.

“थांबा गा. मावशी, तुम्ही त्या हारवाल्या न?”

“कोणत्या चॅनलवर पाहिलं, भाऊ?”

त्याने डोकं खाजवलं. “ते नाही आठवत. तुम्ही आठवता.”

“हार सापडला, भाऊ. त्यांच्याच घरी.”

“हो का,” म्हणत त्याने फोन वर धरला. “जरा हसा न, मावशी.”