आडवा अकरा

धसईच्या बाजारात अशी आवई होती की गिरणीवरच्या जैतूला वाचता येत नाही. पेपरातलं शब्दकोडं तो रोज भरतो खरा, पण दुसऱ्या दिवशी उत्तरं छापून आली की ती बघून अक्षरं उतरवतो आणि कानावर पेन्सिल खोवून विद्वानासारखा बसतो.

यातलं पेन्सिलीचं तेवढं खरं. जैतू वाचायचा. सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत. पण कोडं त्याच दिवशी, दोन दळणांच्या मधे सोडवायचा. दुसऱ्या दिवशीचा पेपर त्याला चुका तपासायला लागायचा. आवई उठली कुठून, हे गिरणीमालकाच्या पोरीइतकं, कुणालीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती तिनेच उठवली होती, तीही सोंग करून.

कुणाली मुरबाडला अकरावीत. कानात पडलेला आवाज तिच्या घशातून जसाच्या तसा बाहेर यायचा. कंडक्टर झाला, भाजीवाली झाली, प्राचार्यांचा खोकला झाला; पण कॉलेजच्या एसटीत सगळ्यात जास्त मागणी जैतूमामाला. डोळे बारीक करून ती हवेत बोट फिरवायची, "आ... ड... वा... ती... न. थांब गो, पीठ जाड पडला." मैत्रिणी पोट धरून हसायच्या. पुढे त्यात उत्तरं चोरणारा जैतूही आला, कारण त्याला हशा जास्त मिळायचा.

एका रविवारी दोन मैत्रिणी गिरणीवर आल्या. खरा जैतू बघायचाच होता त्यांना. जैतू गिरणीचा पट्टा चढवत होता, भुवया पिठाने पांढऱ्या. शेजारी प्रेमाकाकू तांदळाचा डबा घेऊन उभ्या होत्या. कुणालीला चेव आला.

"जैतूमामा, आडवा अकरा सुटला?"

"नाय गो. अडकलाय."

आडवा अकरा होता, 'हंगाम आला की पाखरे करतात', अक्षरं चार. तिथून खाली उतरणाऱ्या उभ्या 'रताळे'मुळे शेवटचा 'र' पक्का. कुणालीने सकाळपासून 'किलबिल' बसवायचा प्रयत्न करून हात टेकले होते. म्हणजे जैतूला तो सुटणं शक्यच नाही.

"पैज लावता? प्रेमाकाकूचं दळण होईस्तोवर सोडवायचा. नाय सुटला तर उद्यापासून कोडं माझं. तुमी हात नाय लावायचा."

जैतूने पट्ट्यावरचा हात काढला. दिवसभर पिठात उभं राहणाऱ्या माणसाला तेवढाच एक विरंगुळा, हे कुणालीलाही कळत होतं. पण मैत्रिणी बघत होत्या.

"आनि सुटला तर?"

"तुमी म्हणाल ते."

"बरा," म्हणून त्याने प्रेमाकाकूंचे तांदूळ वर ओतले. गिरणी धडधडायला लागली. एक हात पिठाच्या धारेखाली, दुसऱ्या हाताचं बोट पेपरावर. ओठ हलत होते. मैत्रिणींनी कुणालीला कोपर मारलं; अगदी तसंच होतं सगळं.

"चिमण्या नसतील," तो स्वतःशीच म्हणाला. "चिमण्या बारा म्हयने हितंच. हंगाम आला की करतात, म्हंजे रोजचा काम नाय."

डब्यात शेवटची मूठ पडत होती. जैतूने कानावरची पेन्सिल काढली आणि उरलेली तीन घरं भरली. मग गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"स्थलांतर," प्रेमाकाकूंनी वाकून वाचलं. "अरे, तुला बरा सुचला."

"सुचला नाय, काकू. दिवाळी झाली का आमची आख्खी वाडी वीटभट्टीवर. दुसरीत होतो तवा गुरुजींनी हजेरीत माझ्या नावापुढं लाल शाईनं कायतरी लिवला नि नाव कापला. मला तवा वाचता येत नव्हता. पुढं पोरीचा नाव शाळेत घालाया गेलो, तवा शिपायानं ती जुनी हजेरी काढून दाखवली. नुकताच वाचाया शिकलेलो. अर्धा तास लागला तेवढा एक शब्द लावाया."

मैत्रिणी आता पायाकडे बघत होत्या. कुणालीचे कान तापले. एवढे दिवस ती त्याचा आवाज काढत होती, पण तो असा का वाचतो हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"हरले मी, मामा. बोला, काय करू?"

"ती माझी नक्कल. सारा बाजार हसतो म्हनं. मीच तेवढी बगितली नाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. कुणालीने प्रेमाकाकूंकडे बघितलं. त्या डब्याचं झाकण लावण्यात गुंतल्या होत्या, आणि ते झाकण कधीच लागून गेलं होतं.

"मामा, ती नको. दुसरं कायपण सांगा."

"पैज हाय ना?" जैतू पिठाच्या पोत्यावर बसला, नाटकाला बसावं तसा, हात मांडीवर ठेवून. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कुणालीने पेपर उचलला, बोट ठेवलं. एसटीत आपोआप येणारा आवाज घशात कुठे सापडेना.

"स्थ... लां..." एवढं कसंबसं निघालं आणि ती थांबली.

"दोन ऱ्हायली," जैतू म्हणाला.

तिने मान खाली घालून तीही म्हटली.