ओटीतला नारळ

देवीने माझ्याच अंगात का यावं, असं मी तिला रोज देवघरासमोर विचारायचे. भक्तीने नाही, वैतागून.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मुलगी सहा महिन्यांची असताना हे सुरू झालं. आरतीत घंटा वाजता वाजता माझी नजर फिरायची म्हणे, अंग ताठ व्हायचं आणि मग झटके. मला त्यातलं काहीच आठवायचं नाही. शुद्धीवर यायचे तेव्हा कपाळभर हळदकुंकू, ओटीत नारळ आणि समोर शेजारच्या बायका: बदली कधी होईल, पोरीचं कुठे जमेल. मला काय ठाऊक! जीभ चावलेली, साडी ओली, डोकं ठणकतंय आणि ह्या माझ्या पाया पडतायत. अगं बायांनो, मला झोपू द्या गं, एवढंच म्हणावंसं वाटायचं.

सासूबाई वाईट नव्हत्या. देवीने आपलं घर निवडलं याचं त्यांना भारी अप्रूप. मंगळवारी, शुक्रवारी मला निर्जळी उपास, आदल्या रात्री जागरण, आणि वारं हमखास त्याच दिवशी यायचं. देवीच्या अंगाला विटाळ नको म्हणून पोर मात्र माझ्या मांडीवर द्यायच्या नाहीत. ती पलीकडच्या खोलीत रडायची, आणि मी पाटावर बसून ऐकायचे. नवरा पाळीवरून दमून यायचा, "आई म्हणते तसं कर" म्हणायचा आणि झोपायचा. एका शुक्रवारी मी हात टेकले. देवीला म्हटलं, आई, तू असशील तर असशील, मला आता झेपत नाही. माझी पोर मला दे, बाकी तुझं तू बघ.

त्याच संध्याकाळी उल्हासनगरहून एक सिंधी बाई आली. देवी येते असं ऐकून मुलासाठी कौल मागायला आली होती. पुढचं मला सासूबाईंनीच नंतर सांगितलं. मला झटका आला, बायका नमस्काराला वाकल्या, आणि ही नारळ बाजूला सारून पुढे आली. मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी दिली. कोणी चमचा आणला होता दातांत घालायला, तो हिसकावून घेतला.

"अम्मा, ये मिरगी है. मेरी बेटी को भी है."

"देवीला असं बोलू नये हो!" सासूबाई कडाडल्या.

बाईने माझ्या तोंडातलं रक्त पुसलं आणि ओढणी त्यांच्यापुढे धरली. "देवी अपनी बच्ची की जीभ क्यों काटेगी, अम्मा?"

सासूबाईंनी तिच्या मुलीच्या डॉक्टरचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच मला रिक्षात घालून उल्हासनगरला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ती बाई दवाखान्याच्या दारात वाट बघत उभी होती. झटका कसा आला, किती वेळ टिकला, सगळं तिनेच सांगितलं, कारण मला तर काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फेफरं आहे, मेंदूचा आजार आहे, कुणाचा कोप नाही. गोळी रोज, उपास नको, जागरण तर नाहीच. बाहेर आलो तोवर ती बाई निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

झटके काही एकदम थांबले नाहीत. गोळी वाढवावी लागली, मग हळूहळू कमी झाले. आजूबाजूला बोलणं उठलं की ह्यांच्याकडची देवी गेली. मला हसू यायचं. मी तर म्हणते, ती त्या एकाच शुक्रवारी आली, आणि माझ्या अंगात नाही आली. मी हात टेकले तेव्हा तिला कुठून यायचं ते तिने ठरवलं.

पुढे एकदा शुक्रवारची आरती झाली आणि मी सवयीने पाटावर बसून राहिले. सासूबाई आतून काहीतरी घेऊन आल्या. मला वाटलं, नारळ असेल. त्यांनी माझा पदर पसरला, ओटीत पोर ठेवली आणि म्हणाल्या, "धर नीट. मी इथेच बसलेय."