पवनचक्कीवाले खांबेटेकाका

श्री. माधवराव खांबेटे यांची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्याने. मेलबर्नपासून दीड तासावर, मोकळ्या माळावर एक जुनी दगडी पवनचक्की आहे. पुण्यातल्या आईला व्हिडिओ कॉलवर मी आणि चक्की एकत्र दिसावे म्हणून फोन समोर धरून मी उलट्या पावलांनी चक्कीकडे सरकत होते. "ताई, थांबा तिथेच! एक पाऊल मागे टाकू नका!" खणखणीत मराठीत दरडावणी आली. वळून पाहते तो दोन हातांवर एक भलेमोठे पाते सपकन खाली आले आणि वर गेले. पाच मिनिटांनी थर्मासमधला चहा पुढे करून माफीही त्यांनीच मागितली. तेव्हापासून गेली सहा वर्षे मी त्यांच्या हाताखाली शिकते आहे.

काकांची नोकरीची सारी वर्षे वॉलॉंगॉंगजवळच्या पोलाद कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर ते लेकीजवळ मेलबर्नच्या टार्निट उपनगरात आले, तेव्हा ही चक्की म्हणजे कबुतरांची धर्मशाळा होती. एके काळी आसपासचा गहू इथेच दळला जाई. पुढे वाफेवरच्या गिरण्या आल्या, गिऱ्हाईक तुटले, पाती गळून पडली. स्थानिक मंडळींनी ती पुन्हा उभारायला घेतली आणि काका त्यांच्यात सामील झाले. मोठ्या चाकाचे लाकडी दात त्यांनी एकेक करून हाताने तासले. एक दात जरासा सैल बसला म्हणून त्यांनी झालेले काम उपसले, तेव्हा जोडीदार वैतागला, "नोबडी विल नो, मेट!" काका म्हणाले, "द मिल विल नो."

चक्कीचे काम ऐकायला सोपे आहे. चक्कीची टोपी, म्हणजे पात्यांसकट फिरणारे वरचे छप्पर, वाऱ्याकडे वळवायची, पात्यांवर कापड चढवायचे, ब्रेक सोडायचा. खालचा दगड स्थिर, वरचा फिरतो, अगदी घरच्या जात्यासारखा. पण वारा अंगावर आला की नुसत्या ब्रेकने भागत नाही. ब्रेकचे लाकूड चाकाच्या लाकडावर घासून पेट घेते. दगडांमधले धान्य संपले तर ठिणग्या उडतात. आणि मी तर मुळातच घाबरट, गॅस बंद केला का ते पाहायला फ्रीवेवरून परत फिरणारी. काकांनी मला का निवडले ते मला उमगत नव्हते.

दुसऱ्याच वर्षी एका दुपारी वारा एकदम चढला आणि मी करू नये नेमके तेच केले. घाबरून ब्रेक करकचून लावला. वरून धूर यायला लागला. काका धापा टाकत जिना चढून आले. "ब्रेक सोड आधी! गहू ओत, गहू!" थांबवायच्या चक्कीला आणखी दळण कशाला, हे विचारायला वेळ नव्हता. मी पोते उपडे केले. दगडांवर भार पडला, वेग उतरला आणि मग काकांनी हलक्या हाताने ब्रेक लावला.

"काका, मला नाही जमणार. फार भीती वाटते हो."

"म्हणून तर तुला घेतलं. ज्यांना भीती वाटत नाही त्यांना मी तिकीट काउंटरवर बसवलंय." निघताना त्यांनी त्या दिवसाचे पीठही हातात दिले. "जरा धुराचा वास येईल, पण पोळ्या होतील."

माझी आयटीतली नोकरी गेली, त्या तीन महिन्यांत काका दर रविवारी गाडी घेऊन दारात हजर असत. "पात्यांचं कापड शिवायचंय, हात कमी पडतात," म्हणत. कापड धडधाकट होते हे मला फार उशिरा कळले.

यंदा पंच्याहत्तरीच्या तोंडावर काकांच्या हृदयाने कुरकूर सुरू केली. डॉक्टरांनी जिना बंद केला. चक्कीच्या समितीने कळवले, की चालवणारे दुसरे कोणी परीक्षेत उतरले नाही तर पाती कायमची साखळीने बांधावी लागतील. दुसरे कोणी म्हणजे मीच. काकांच्या डोळ्यांदेखत त्यांची चक्की माझ्यामुळे थांबणार, या विचाराने मला पंधरा दिवस झोप नव्हती.

परीक्षा गेल्या रविवारी झाली. तपासनीस वर माझ्याशेजारी उभे होते आणि काका खाली माळावर खुर्चीत बसले होते. माझे अर्धे लक्ष खिडकीतून त्यांच्याकडे. त्यांनी हात वर केला की थांबवायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. काकांनी ते ओळखले असावे. ते उठले, त्यांनी खुर्ची फिरवली आणि चक्कीकडे पाठ करून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण मग आकाशाकडे बघण्यावाचून इलाजच उरला नाही. पश्चिमेकडे अंधारून येत होते. मी दळण वाढवले, वेग उतरवला, ब्रेक लावला. "सो अर्ली?" तपासनिसांनी विचारले. काही मिनिटांतच वाऱ्याने माळ झोडपून काढला. त्यांनी कागदावर सही केली.

खाली आले ती थेट त्यांच्या खुर्चीपाशी गेले. "काका, तुम्ही का नाही बघितलंत?"

"मी बघत बसलो असतो तर तू बघितलं नसतंस."

काका, आपल्याला निरोगी शतायुष्य लाभो. हे मागणे थोडे स्वार्थाचेच आहे, कारण सहीचा कागद मिळाला तरी जिना चढताना माझे पाय अजून कापतात. आपण खुशाल पाठ करून बसा, एक शब्दही बोलू नका. फक्त मी खिडकीतून डोकावले की ती खुर्ची मला रिकामी दिसू नये.