‘व्हय म्हाराजा’ न म्हटलेला माणूस

लवू मेस्त होड्या बांधायचा. सर्जेकोटच्या किनाऱ्यावर माडांखाली त्याची जागा होती. तिथे नेहमी एखादी होडी पालथी पडलेली असे आणि तिच्या कुशीला लवू उकिडवा बसलेला. फळीवरून हात फिरवून ती किती वर्षं टिकेल ते तो सांगायचा, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. कुणी विचारलं, "मेस्ता, ह्यां तुका देव सांगता काय रे?" तर म्हणायचा, "नाय रे बाबा. लाकूड सांगता."

देवाच्या बाबतीत तो पहिल्यापासून असा नव्हता. बावन्न साली गावच्या देवीच्या तरंगाचा खांब वाळवीनं खाल्ला. तरंग म्हणजे उंच लाकडी खांब. त्याला लुगडी नेसवतात, वर देवीचा मुखवटा बसवतात, आणि ज्याच्या अंगात देवी येते तो दसऱ्याला तो खांब कमरेशी धरून घरोघर फिरतो. नवा खांब लवूनं केला. उपास धरून, फणसाचं खोड निवडून, आठ दिवस तासून. बुंध्याचा तुकडा उरला, त्याचा जेवायला बसायचा पाट केला.

दसऱ्याला तरंग त्याच्या अंगणात आलं. दाजींनी गाऱ्हाणं घातलं. दाजी गावचे मानकरी, देवीशी गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांचा. प्रत्येक वाक्याला सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होते. लवूचे हात जोडायला वर आले आणि अर्ध्यावर थांबले. लुगड्याखाली खांबाचा शेवट उघडा होता आणि त्यावर रंधा घसरल्याची नखाएवढी खूण होती. त्याला ना राग आला, ना धक्का बसला. आपलं काम दिसलं. त्याच्यापलीकडे काही आहे का, म्हणून त्यानं बराच वेळ पाहिलं. मग हात खाली घेतले.

त्या दिवसापासून तो "व्हय म्हाराजा" म्हणाला नाही. कुणाशी वाद घातला नाही. बायको सुगंधा रोज दिवा लावायची. तिच्या देव्हाऱ्याचा पाय निखळला तर तो बसवून द्यायचा आणि परड्यातली जास्वंदी आणून ठेवायचा. गावानं थोडे दिवस थट्टा केली, मग सवय करून घेतली.

एकसष्टच्या पावसाळ्यात त्याच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि लगेच शिवलं. लवूला सांगावं लागलं नाही. फळी उचकटून आतला कुजवा पाहिला की तोही ती तशीच परत ठोकायचा.

दाजी भेटायला आले, ओटीवर बसले, पान लावलं.

"मेस्ता, नऊ वर्सां झाली. आता तरी एक डाव व्हय म्हण. पडल्यापडल्या म्हटलंस तरी चलात."

"नाय म्हटलंय तर?"

"तर उद्या तुका खांद्यार कोण घेतलो? लोक भियतत रे. असो माणूस मेलो तर वाडीत भूत होवन फिरता म्हणतत."

"जित्तो असताना घराभायर पडणंय नाय, आणि मेल्यार फिरतलंय?"

दाजींना हसू आलं, पण त्यांनी ते पानाबरोबर चावून टाकलं. आत सुगंधा हसली नाही. माणूस गेल्यावर घरात प्रेत आणि अंगणात कुणी नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

दसऱ्याला तरंग पुन्हा अंगणात आलं. अंगात आलेला धोंडू घाडी, म्हणजे लवूचा लहानपणापासूनचा सोबती. एरवी रोज संध्याकाळी बिडी ओढायला येणारा. आता तो घुमत होता, आवाज फाटला होता.

"मेस्ता! तुजी व्हय खंय आसा?"

लवू ओटीवर बाजेवर होता. "धोंडू," तो हळू म्हणाला, "घामान निथळतंस. टेक जरा."

लोकांत कुजबुज झाली. सुगंधा तरंगाच्या पायाशी लोटांगण घालून उठली आणि नवऱ्याकडे वळली.

"एकदा म्हणा. देवासाठी नको. माज्यासाठी."

लवूनं डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, म्हणणार.

"तुज्यासाठी म्हटलंय तर तां खोटां असतलां. जाता जाता तुका खोटां कित्याक देव, गो? तू म्हण. तुज्या नावान म्हण. माज्या नावान नको."

सुगंधा तरंगाकडे वळली. मग हात जोडून एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा." थोड्या वेळानं मागून वाडी म्हणाली.

त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी ती त्याला पेज भरवत होती. तिनं विचारलं, "भय वाटता?"

"वाटता. रोज वाटता. पण भय वाटता म्हणान देव मानलंय, तर तो माज्या भयान केलेलो." मग म्हणाला, "आयक. माजी सूद आसा तवसर माजां मी बगतंय. सूद गेली काय तोंडात तुळस-गंगा घालू नको. तां तुज्या हातात."

"आणि मी घातलंय तर?"

"तर माका कळाचां नाय. म्हणान तर तुका सांगतंय."

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. वाटी उचलून आत गेली.

कार्तिकात एका सकाळी त्याची शुद्ध गेली. ओटी माणसांनी भरली. दाजी गंगेची सीलबंद गडवी आणि तुळशीचं पान घेऊन आले होते. त्यांनी गडवीचं तोंड फोडलं, वाटीत पाणी ओतलं, वर पान ठेवलं आणि वाटी सुगंधाच्या हातात दिली. लवूचे ओठ सुकून फाटले होते.

सुगंधा वाटीकडे पाहत राहिली. तिचा त्या पाण्यावर विश्वास होता. ते ओठांना लागलं नाही तर हा माणूस कुठे जाईल, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं वाटी त्याच्या ओठांपाशी नेली. मग तिनं वाटी खाली ठेवली, आत जाऊन विहिरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या आणला, कापूस बुडवला आणि त्याचे ओठ ओले केले.

"सुगंधा! काय करतंस गो? आता त्याका काय कळता?"

"त्यांका नाय कळणा, दाजी. माका कळता."

ती कापूस बुडवत राहिली. दोनेक तासांनी श्वास थांबला, तेव्हाही कापूस तिच्या हातातच होता.

ती रडली, बायका जवळ सरकल्या. पुरुष मात्र अंगणात वेगवेगळे उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. मग धोंडूनं बिडी विझवली, कुडाला लावलेली कुऱ्हाड घेतली आणि परड्यातल्या रायवळ आंब्याकडे चालू लागला. त्याच्यामागून आणखी दोघे गेले. सरणाचं लाकूड तोडल्याचा आवाज येऊ लागला.

दाजी ओटीच्या पायरीवर बसून होते. बऱ्याच वेळानं ते उठले, सदरा काढून खुंटीला अडकवला आणि आत पाहून म्हणाले, "सुगंधा, कोयतो खंय आसा गो? बांबू तोडूक होयो."