कार्डावरचा सात

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायको शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळून होती, रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसायचो – तिलाही नाही. आता ऐंशी उलटली. घरात मी एकटाच असतो, तरी हे लिहायला बसताना दाराला आतून कडी घातली. कुणाला भितोय मी अजून?

तेलाच्या भरभराटीची वर्षं होती. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि तो उभारणाऱ्या जपानी कुटुंबांचा कुंपणाआड कॅम्प होता. मुलांसाठी त्यांची शाळा. मी पुण्यात इंग्रजी शिकवत असताना हौसेनं संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकलो होतो. त्या जोरावर तिथं इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो. केळकर हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून मी झालो केरुकारु-सेन्सेई – म्हणजे केरुकारु गुरुजी.

तिथल्या रीती चुकत चुकत शिकलो. बाहेरचे बूट दारात, आतले वेगळे, संडासातल्या सपाता आणखी वेगळ्या. जेवण आधी मुख्याध्यापकांनी चाखायचं, मग मुलांनी. दुपारी मुलांबरोबर गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची. कुणापुढं किती वाकायचं. इंग्रजी सातचा आकडासुद्धा डावीकडं छोटी शेपटी देऊन काढायचा. हे सगळं मी मन लावून शिकलो. त्याचा मला अभिमान होता, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक रीत होती, पोहण्याच्या कार्डाची. पोहण्याच्या दिवशी सकाळी आई मुलाचा ताप मोजायची, आकडा कार्डावर लिहायची आणि शेजारी आडनावाचा लहानसा गोल शिक्का मारायची. शिक्का नसेल तर मूल पाण्यात जायचं नाही. चिठ्ठी नको, निरोप नको. रिकामा चौकोन म्हणजेच निरोप. मुलं पाण्यात उतरण्याआधी कार्डं तपासायचं काम माझ्याकडं होतं.

एकदा मी दोन कार्डं न बघताच मुलं सोडली. काही झालं नाही. पण मुख्याध्यापक माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनीच माझ्यापुढं वाकून माफी मागितली – मी तुम्हाला नीट समजावलं नव्हतं, म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. करार संपत आला होता, नवा कागद त्यांच्या सहीसाठी पडला होता. सही झाली नाही तर कफील, म्हणजे तिथला माझा हमीदार, इकामा – राहण्याचा परवाना – रद्द करणार, खलास. चिपळूणला बायको आणि दोन मुलं होती. पण ती होती म्हणून मी पुढचं केलं, असं मी म्हणणार नाही.

पुढच्याच आठवड्यात मला तलावावर पोचायला उशीर झाला. खेळाच्या सरांना वाटलं, कार्डं बघून झाली. मुलं पाण्यात होती. मी टेबलाशी बसून गठ्ठा चाळू लागलो आणि सातवं की आठवं कार्ड – रिकामं. आकडा नाही, शिक्का नाही. साओरी सातो, वय वर्षं आठ.

मी मान वर केली. ती कडेच्या दांड्याला धरून उभी होती. एवढ्या उन्हात ती पोर कुडकुडत होती. ते मी पाहिलं. कधी कधी स्वतःला सांगतो की नंतर कळलं – पण नाही, तेव्हाच पाहिलं.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. वाजवायची, तिला बाहेर बोलवायचं, एवढंच ना? पण मग सगळ्यांना कळलं असतं, केरुकारुनं पुन्हा कार्डं पाहिली नाहीत. टेबलावर हजेरीपुस्तकाजवळ खेळाच्या सरांचा शिक्का पडला होता. त्यांचंही आडनाव सातोच – आपल्याकडं जाधव असतात तितके त्यांच्यात सातो. दुकानात तयार मिळणारे, एका साच्यातले शिक्के. मी पेन घेतलं. ३६.७ लिहिलं, इंग्रजी आकड्यांत. सातला डावीकडं छोटी शेपटी दिली. शिक्का मारला. कार्ड गठ्ठ्यात मधोमध सरकवलं.

मग पुन्हा तिच्याकडं पाहिलं का? नाही. पाहिलं नाही.

दहा मिनिटांनी कुणीतरी किंचाळलं. तिला पाण्यातच झटके आले होते, तोंड खाली होतं. खेळाच्या सरांनी कपड्यांसकट उडी मारली. दम्मामच्या हॉस्पिटलात ती सतरा दिवस होती. छातीत पाणी गेलेलं, ताप उतरत नव्हता. ते सतरा दिवस मी देवाजवळ काय मागत होतो? ती वाचावी, हे मागत होतोच. पण त्याआधी – कार्ड कुणी नीट पाहू नये, हे मागत होतो.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी साओरीच्या आईला, सातोबाईंना, बोलावलं होतं. मी तिथंच, भिंतीशी उभा. त्यांनी कार्ड पुढं ठेवलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पाहत राहिल्या. आदल्या सकाळी पोरीचं अंग कोमट लागलं, म्हणून त्यांनी चौकोन रिकामा सोडला होता. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं – त्यांना आणि मला. आता बोलतील. आता माझ्याकडं बोट करतील.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं, कंबरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या निष्काळजीपणामुळं सगळ्यांना त्रास झाला."

का? मला आजही माहीत नाही.

शाळेची बस चालवणारा हसनमियाँ राजापूरचा, माझा तिथला एकुलता एक मराठी माणूस. त्या संध्याकाळी म्हणाला, "काय ओ मास्तर, आवशीला पोरीच्या अंगाचा ताप कळू नये? शिक्का मारून मोकळी."

मी म्हणालो, "हो ना. काय बाया असतात."

एवढं बोलायची गरज नव्हती. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

पोरगी वाचली. उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. कॅम्पातल्या बायका सातोबाईंशी नुसतं मान लववण्यापुरतं बोलू लागल्या, आणि महिन्याभरात मायलेकी जपानला परत गेल्या. माझ्या करारावर सही झाली. पुढं सहा वर्षं मी तिथं होतो. एकाही मुलाचं कार्ड तपासायचं चुकलं नाही.

जाण्याआधी बाई माझ्या खोलीशी आल्या. हातात कागदात नीट गुंडाळलेला मिठाईचा डबा. साओरी शेजारी उभी, डावा कान माझ्याकडं वळवून. बाई खूप खाली वाकल्या. "सेन्सेई, आमच्यामुळं तुमच्यावरही नाहक संकट आलं. क्षमा करा."

अशा वेळी काय करायचं, तेही मी शिकलो होतो. डबा दोन्ही हातांनी घ्यायचा. समोरच्यापेक्षा थोडं कमी वाकायचं. आणि म्हणायचं, छे, मनाला लावून घेऊ नका.

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. थोडं कमी वाकलो. आणि त्या बाईला माफ केलं.